ध चा मा न करणारी

एक्सेलला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायची भारी हौस. सेलमध्ये ००४५ लिहून एंटर मारलं की पुढची शून्यं गायब आणि उरतात ४५. १-२ असं काही लिहावं, तर त्याची तारीख झालेली असते. हे किती थराला जावं? 'मार्च१', 'सेप्ट१' अशी काही मानवी जनुकांची नावं होती. संशोधकांच्या शीटमध्ये त्यांच्या तारखा होत राहिल्या आणि २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनंच हात टेकले. 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१'. हा अर्थ लावणं बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टनं दिली ती २०२३ मध्ये.

मॅक्रो म्हणजे एक्सेलकडून कामं करून घ्यायला लिहिलेला छोटा प्रोग्राम. त्यातली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर साठवायची जागा, या हौशीपासून मुक्त आहे, म्हणून मला ती आवडते. 'डिम नाव ॲज स्ट्रिंग' म्हटलं की ती जन्माला येते, रिकामी. शून्य नव्हे, रिकामी. अवतरणचिन्हांत ००४५ दिलं की ००४५च सांभाळते. ध चा मा करत नाही. पोटही मोठं: सेलमध्ये ३२,७६७ अक्षरांवर गाडी थांबते, स्ट्रिंगमध्ये सुमारे दोन अब्ज मावतात. तिचा एक ठरावीक लांबीचा भाऊबंदही आहे, छापील फॉर्मातल्या चौकोनांसारखा. दहा अक्षरांचा म्हटला की मजकूर कमी असेल तर मागे रिकाम्या जागा भरतो, जास्त असेल तर मुकाट्यानं छाटतो. त्याच्या वाट्याला मी शक्यतो जात नाही.

गंमत म्हणजे, स्ट्रिंगमध्ये सुखरूप असलेलं ००४५ परत सेलमध्ये ठेवलं की पुन्हा ४५! स्ट्रिंगचा उंबरा ओलांडला की एक्सेलचं राज्य सुरू. त्यामुळे आधी त्या सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा आणि मगच मजकूर ठेवायचा. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण गेलेली शून्यं फॉरमॅट बदलून परत येत नसतात.

अधिकच्या चिन्हाचंही तसंच. दोन स्ट्रिंग, "५" आणि "६", अधिकनं जोडल्या की ५६ होतात. त्यातली एक स्ट्रिंग आणि दुसरा खरा आकडा असेल, तर ११. स्ट्रिंगमध्ये आकड्याऐवजी एखादं नाव निघालं तर थेट 'टाइप मिसमॅच', एरर १३. यात स्ट्रिंगचा दोष नाही, अधिकला दोन धंदे करायचे असतात. मजकूर जोडायला अँपरसँड, म्हणजे & हे चिन्ह, आहे. तो बेरजेच्या फंदात पडत नाही, निमूटपणे चिकटवतो.

पण खरा छळ मांडतात त्या रिकाम्या जागा. दोन नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी, पण सारखी आहेत का विचारलं की मॅक्रो म्हणतो 'फॉल्स'. कितीही वेळा वाचा, फरक सापडत नाही. 'लेन'नं लांबी मोजली की एकात अक्षर जास्त निघतं, शेवटी शेपटासारखी चिकटलेली स्पेस. त्यावर 'ट्रिम' हा उपाय, पण इथेही मेख आहे. शीटवरचं ट्रिम शब्दांमधल्या जास्तीच्या स्पेसही काढून एकच ठेवतं. मॅक्रोतलं फक्त दोन टोकं साफ करतं, पोटातल्या स्पेसना हात लावत नाही. नाव एक, स्वभाव दोन. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात तर १६० क्रमांकाची वेगळीच स्पेस येते. दिसायला सख्खी बहीण, पण दोन्ही ट्रिम तिला ओळखत नाहीत. तिला 'रिप्लेस'नंच हुसकावून लावावं लागतं. संशय आला की मी इमिजिएट विंडोत, म्हणजे मॅक्रोनं छापलेलं लगेच दाखवणाऱ्या चौकटीत, मजकूर दोन उभ्या रेघांच्या मध्ये छापून बघतो. रेघ आणि अक्षर यांच्यात फट दिसली की चोर सापडला.

आता आपल्या लिपीकडे. स्ट्रिंगच्या पोटात युनिकोड असतं, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक, त्यामुळे मराठी तिला जड नाही. जड जाते ती मॅक्रो लिहायच्या एडिटरला. त्यात देवनागरी टाइप करायला जावं तर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. मेसेज बॉक्सचीही तीच कथा. मग मराठी मजकूर एखाद्या लपवलेल्या शीटवर लिहून तिथून वाचायचा, नाहीतर 'क'साठी २३२५ असे एकेक आकडे, क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या 'सीएचआर-डब्ल्यू'ला द्यायचे. लपवलेली शीट बरी, आकड्यांतलं मराठी पुढच्या महिन्यात आपल्यालाच वाचता येत नाही.

'क्षितिज'ची लांबी विचारा. आपण म्हणू तीन अक्षरं, 'लेन' म्हणतं सात. क, हलन्त, ष, वेलांटी अशी चिन्हं ते सुटी सुटी मोजतं. हाच शब्द 'एसटीआर-रिव्हर्स'नं उलटा केला तर निघतं 'जितिष्क'. एखाद्या ग्रहाचं नाव शोभावं असं!

खरी पंचाईत आद्याक्षरांची. नावांच्या यादीतून आद्याक्षरं काढायची म्हणजे सुरुवातीची अक्षरं देणारं 'लेफ्ट' आणि एक, असं वाटतं. 'प्रकाश'चं त्यातून येतं नुसतं 'प', आणि आपल्याला हवं असतं 'प्र.'. म्हणून पुढचं चिन्ह हलन्त आहे का, म्हणजे २३८१ क्रमांकाचं, ते तपासायचं. असेल तर ते आणि त्याच्या नंतरचं व्यंजन, दोन्ही सोबत घ्यायची आणि पुन्हा पुढे बघायचं, कारण 'स्त्री'सारख्या शब्दात हलन्त दोनदा येतो. काना-वेलांटी घ्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी घेत नाही. चारपाच ओळींचं लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, आहे, पण दुसऱ्या कुणी उघडलं तर डोकं खाजवेल, म्हणून वर खुलासा लिहून ठेवतो. मराठी नावांच्या त्या लूपचा खुलासा अर्थातच रोमन लिपीत. एडिटर दुसरं काही घेतच नाही.