प वरून ध वर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज ऑफिसातून आले आणि गाडी लावून झाल्यावरही उतरले नाही. रेडिओवर 'टुगेदर अगेन' लागलं होतं आणि त्यातला टॉम ब्रम्लीचा पेडल स्टील गिटारचा तुकडा अजून यायचा होता. तो अर्ध्यावर सोडून जिना चढणं माझ्याच्याने होत नाही. अमेरिकेत नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या या शहरात, येऊन तीन वर्षं झाली, या काळात हे गाणं किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नाही.

गाणं कंट्री गायक बक ओवेन्सचं, १९६४ सालचं. 'माय हार्ट स्किप्स अ बीट' या रेकॉर्डची ही मागची बाजू, पण त्या वर्षी दोन्ही बाजू कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर गेल्या. शब्द अगदी साधे आणि आनंदाचे आहेत. दुरावलेली दोन माणसं पुन्हा एकत्र आली आहेत, एवढंच. तरीही ऐकताना गळा दाटून येतो, आणि तो दाटतो नेमका स्टीलवर. ब्रम्लीने भेटीचा आनंद वाजवलेलाच नाही, मधला दुरावा वाजवलाय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. घाई कुठेच नाही. दोन-दोन सूर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी कुठून सुरू झाली ते कळतच नाही. तार छेडल्याचा टणत्कार नाही. सूर नव्हता, आणि आता आहे.

हे होतं कसं, ते कळायला मला वर्ष लागलं. वाजवणाऱ्याचा उजवा पाय आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडताना तो पेडल मिटलेला ठेवतो आणि छेडून झाल्यावर हळूच उघडतो. छेडण्याचा खटका झाकला जातो, कानावर येते ती नुसती सुराची मागे रेंगाळणारी आस. मग सूर विरायला लागला की पाय आणखी पुढे जातो, म्हणजे विरणारा सूर विरत नाही, धरून राहतो. गाणाऱ्याला श्वास असतो, तसा या माणसांना पाय.

बुधवार

रात्री तो तुकडा बाबांना पाठवला होता. सकाळी त्यांचा फोन.

"अगं, हा गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवतोय."

"हो ना बाबा? पण इथे तर गाणारा थांबलेला आहे. हा त्याचा एकट्याचा तुकडा आहे."

"थांबलाय म्हणून काय झालं? याच्या डोक्यात तो गातोच आहे की."

बाबा मिरजेत चाळीस वर्षं भजनाला पेटीची साथ करताहेत. गायकाने ओळ सोडली की पुढची ओळ येईपर्यंतची जागा किती भरायची आणि किती रिकामी ठेवायची, एवढ्यावर त्यांचं आयुष्य गेलंय. मला जे तीन वर्षं शब्दांत पकडता येत नव्हतं, ते त्यांनी एका ऐकण्यात सांगितलं. पेडल स्टीलचे माझे सगळे आवडते तुकडे साथीचे आहेत. एकट्याने वाजवत असतानाही ही माणसं साथच करत असतात.

नंतर बाबांनी विचारलं, "पण हे मधे सूर कसा हलला? एक जागेवर राहिला आणि दुसराच सरकला."

ते शुक्रवारी नीट लिहीन. आज मीटिंगा आहेत.

शुक्रवार, रात्र

बाबांना फोनवर समजावलं तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्याही डोक्यात पक्कं होईल.

वाद्याला दहा तारा, आणि तारा सुरांत लावायची नॅशव्हिलची जी पद्धत आहे तिला म्हणतात ई-नाइन. ई हा त्यांचा सूर म्हणजे आपला सा धरला, तर मधल्या तारांवर सा, ग, प मिळतात. डाव्या पायाखाली तीन पेडल. पहिलं दाबलं की प च्या तारा ताणल्या जाऊन ध होतात. दुसरं दाबलं की ग चा म होतो. दोन्ही दाबली तर सा ग प होतं सा म ध. आणि या सगळ्यात सा जागचा हललेला नसतो. डाव्या हातातला पोलादी बार तारांवर जिथे ठेवलाय तिथेच आहे. आपल्या कानाला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, नवी नाही. सारंगीत आहे, गळ्यात आहे, आणि सतार तर मिरजेतल्या माझ्या घरामागच्या सतारमेकर गल्लीतच बनते. पण एका तारेवर मींड चाललेली असताना तिच्या शेजारची तार तिची वाट बघत उभी आहे, हे मी इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं.

हे पहिल्यांदा लोकांच्या कानावर पडलं ते वेब पीअर्सच्या 'स्लोली'मध्ये. १९५४ साली हे गाणं पहिल्या नंबरावर गेलं, स्टीलवर होता बड आयझॅक्स. पेडल त्याआधीही होती, पण ती मुख्यतः तारा वेगळ्या सुरांत लावून घेण्यासाठी वापरली जात. आयझॅक्सने तारा वाजत असताना पेडल दाबलं आणि तो बदल होताना ऐकू येऊ दिला. ते ऐकून जागोजागचे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडल बसवायला धावले.

आयझॅक्सच्या पेडलने प आणि ग च्या तारा एकदम सरकत. ते काम दोन पेडलांत वाटून द्यायचं, म्हणजे प ला हवं तर एकट्याने ध कडे जाता यावं, ही कल्पना बडी एमन्सची. हा इंडियानातल्या मिशावाकाचा, जन्म १९३७चा. १८व्या वर्षी लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये वाजवायला नॅशव्हिलला आला आणि काही वर्षांतच वाद्याची रचनाच बदलायला लागला. वरच्या बाजूला त्याने दोन तारा वाढवल्या, त्या आज प्रत्येक ई-नाइनवर असतात. पेडलांचा क्रमसुद्धा त्याच्या नावाने ओळखला जातो. उलटा क्रम जिमी डे या दुसऱ्या स्टीलवाल्याच्या नावाने. आजही नवं वाद्य घेताना विचारतात, एमन्स की डे?

एमन्सचं काय ऐकायचं असं कुणी विचारलं तर मी गायक रे प्राइसचं १९६३चं 'नाइट लाइफ' लावीन. गाण्याआधीचे त्याचे सूर ऐकले की रात्र किती झाली आहे ते घड्याळ न बघता कळतं. त्याच वर्षी त्याने जॅझची एक पूर्ण रेकॉर्ड केली, 'स्टील गिटार जॅझ'. तिचं मला कौतुक आहे, पण मी वळते ती पुन्हा 'नाइट लाइफ'कडे. आणि १९६८चं ज्यूडी कॉलिन्सचं 'समडे सून'. तिचा आवाज स्वच्छ पाण्यासारखा आहे आणि एमन्स त्यात कुठेही गढूळपणा येऊ देत नाही. एवढा मोठा वाजवणारा, हाताशी एवढं सगळं असून, किती कमी वाजवतो! मला तर त्याचं मोठेपण तिथेच दिसतं.

राल्फ मूनीची गोष्ट वेगळी. रडवणं हे त्याचं कामच नाही. त्याचे सूर टणक, चमकदार, उड्या मारत येणारे. मर्ल हॅगर्डच्या 'स्विंगिंग डोअर्स'मध्ये, १९६६च्या, दारूच्या गुत्त्यात बसलेल्या माणसाचं दुःख आहे आणि मूनीचं स्टील त्याच्या पाठीवर थाप मारत असतं. पुढे गायक वेलन जेनिंग्जबरोबर तो वीस वर्षं होता. 'रेनी डे वुमन' सकाळी स्वयंपाक करताना लावावं, पोळ्या भरभर होतात. 'क्रेझी आर्म्स' हे गाणं रचणाऱ्या दोघांतला एक हाच. पण १९५६ साली रे प्राइसने ते गाजवलं त्या रेकॉर्डवर स्टील जिमी डेचं आहे.

मग जॉन ह्युई. रडणारं स्टील म्हणतात ते याचं. वरच्या पट्टीत, जिथे बार ठेवायला बोटभरही जागा उरत नाही, तिथे तो सूर लावतो आणि तो सूर बेसूर होत नाही. गायक कॉनवे ट्विटी त्याचा शाळेतला दोस्त, आर्कान्सातल्या हेलेनाचा, आणि ट्विटीच्या मागे तो वीस वर्षं बसला. पण माझं लाडकं गाणं नंतरचं, विन्स गिलचं 'लुक अ‍ॅट अस', १९९१. बरीच वर्षं एकत्र काढलेल्या नवराबायकोचं गाणं. सुरुवात ह्युई करतो आणि गिलने पहिला शब्द उच्चारायच्या आधी सगळं सांगून झालेलं असतं. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी हेच पाठवलं होतं. आईला इंग्रजी गाणी कळत नाहीत. "हे गाणं सुखाचं आहे ना गं?" असं तिने विचारलं होतं.

कॉनी स्मिथच्या 'वन्स अ डे'मधला वेल्डन मायरिक, १९६४. बर्ड्स या बँडच्या 'यू एन्ट गोइन नोव्हेअर'च्या सुरुवातीचा लॉइड ग्रीन, १९६८. टॅमी वायनेटच्या 'स्टँड बाय युवर मॅन'मधला पीट ड्रेक, तेही १९६८. यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं, विशेषतः ग्रीनवर. त्याच्या सुरांत एक हसू आहे. स्पीडी वेस्टची आतषबाजीही मला आवडते, ऐकून हुरूप येतो. पण रात्री साडेदहाला गाडीत बसून राहावं असं ती करत नाही.

रविवार

आज इथल्या ब्रॉडवे रस्त्यावर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड या गाण्याच्या अड्ड्यावर गेले होते. बाहेर रस्त्यावर शनिवार-रविवारचा तो सगळा गोंगाट, आणि आत भिंतीशी बुटांचे रॅक, तळलेल्या सँडविचचा वास आणि स्टेजवर जुनं कंट्री. याच जागेत पूर्वी शो-बड कंपनीचं दुकान होतं. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स, दोघांच्या नावांतून शो-बड. मागच्या गल्लीपलीकडे रायमन सभागृह. तिथे वाजवायचं आणि वाद्य बिघडलं की गल्ली ओलांडून इथे आणायचं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मिरजेत दर्ग्यात उरुसाला गाणारे-वाजवणारे यायचे तेव्हा तंबोरे जवारीला, म्हणजे आवाज खुलवून घ्यायला, सतारमेकर गल्लीतच यायचे. जिथे वाद्याला हात लावणारा माणूस चार पावलांवर असतो तिथलं वाजवणं वेगळं होतं, असं माझं पक्कं मत आहे.

मुद्दाम स्टीलच्या बाजूचं टेबल धरलं, भिंतीलगतचं. तिथून वाद्याच्या खालचं दिसतं. वरून बघितलं तर माणूस स्वस्थ बसलेला वाटतो. इस्त्री करताना बसावं तसा. अंगठ्यात प्लॅस्टिकची नखी, दोन बोटांत धातूच्या, डाव्या हातात बार. बारच्या मागे दोन बोटं तारांवर सपाट टेकलेली, मागचा गुणगुणाट दाबायला. आणि खाली? डावा पाय टाचेवर डोलतोय, कधी एका पेडलवर, कधी दोन पेडलांच्या मधल्या फटीवर, म्हणजे दोन्ही एकदम. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे लोंबतात. गुडघा एका बाजूला गेला की तार अर्ध्या सुराने उतरते, दुसऱ्या बाजूला गेला की चढते. उजवा पाय सतत हलतोय, इतका थोडा की बुटाचं टोक पाहिलं तरच कळतं. पेडलांपासून वर जाणाऱ्या बारीक सळ्या थरथरत होत्या.

गाणारी बाई एक संथ गाणं म्हणत होती. तिने ओळीचा शेवटचा शब्द सोडला, आणि तो संपायच्या आत याचा सूर खालून आला. तिच्याच सुरावर, तिच्यापेक्षा किंचित हळू. मग टाच हलली. सा उभा, आणि प निघाला ध कडे. बाईने वळून बघितलं नाही. तिला बघायची गरजच नव्हती. पुढची ओळ तिने त्याच्या ध वरून उचलली.

मी टाळी वाजवायची विसरले.

सोमवार, सकाळ

उठले तर बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज. मागे कुकरची शिट्टी आणि आईचं "अहो, चहा". मग पेटी. डाव्या करंगळीने सा धरलेला आणि वर प, ध. प, ध.

"हे बघ, उडी पडते," बाबा म्हणतात. "पेटीला मधलं काही नसतं. थांब जरा."

पुन्हा प, ध. पुन्हा उडी.

तिसऱ्या वेळी त्यांनी भाता जवळजवळ थांबवला असावा. प बारीक होत होत गेला, अगदी संपायला आला, सा तेवढा खाली तेवत राहिला आणि त्याच्यावर कुठून तरी ध उगवला. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नुसता भात्याचा आवाज येत होता.