देवनागरीचं पान: ल, श आणि दऱ्या

दोन रविवार एकाच उदाहरणात गेले. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच नसतो. कूलर लावला आणि बसलो.

आपण सगळे मिळून लिहितोय त्या लाटेकच्या (मजकूर छापण्यासाठी मांडणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) मराठी मार्गदर्शिकेतलं देवनागरीचं पान माझ्याकडे आहे. जुन्या उदाहरणात फाँटस्पेकला (लाटेकमध्ये फाँट निवडून देणाऱ्या पॅकेजला) फक्त ‘स्क्रिप्ट = देवनागरी’ एवढंच सांगितलं होतं. तेवढ्याने वेलांटी जागेवर येते, जोडाक्षरं जुळतात, म्हणून पुढे कोणी पाहिलं नाही. मीही नाही. सीताबर्डीवर एका पाटीवर हिंदी वळणाचा ल, शेजारच्या पाटीवर मराठी. इथल्या डोळ्यांना दोन्हींची सवय. मग एका शाळेतल्या बाईंनी आपल्या उदाहरणावरून व्याकरणाची टिपणं छापली आणि विचारलं, “भाऊ, हा श हिंदीतला आहे ना?” होताच.

‘लँग्वेज = मराठी’ जोडलं की मराठी वळणाचा, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. मात्र फाँट करणाऱ्याने ती रूपं आत ठेवलेली हवीत. मराठीची सोयच नसलेला फाँट असला तर फाँटस्पेक लॉगमध्ये, म्हणजे लाटेक चालताना आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदींच्या फाइलीत, इशारा देतं, पण पीडीएफ तयार होतेच आणि इशारा वाचतो कोण! म्हणून ‘आधी लॉग उघडा’ हे वाक्य मी उदाहरणाच्या वरच घातलं.

लाटेक झीलाटेक किंवा लुआलाटेक अशा दोन रूपांत चालवता येतं. झीलाटेकमध्ये एवढं पुरतं. लुआलाटेकसाठी ‘रेंडरर = हार्फबझ’ हेही लिहायला हवं (हार्फबझ म्हणजे अक्षरं जुळवून बसवणारी प्रणाली); टेक लाइव्ह या लाटेकच्या तयार संचात २०२० पासून लुआलाटेकचं नेहमीचं इंजिन हार्फबझसह येतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘दऱ्या’ने. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. रफार पडला की अर्थच गेला. हा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, पण मूळ फाइलीत एक शोधला तर दुसरा सापडत नाही. मी पहिलीच पद्धत ठेवली. इनस्क्रिप्ट या कळफलकात शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, अदृश्य काही लक्षात ठेवायला नको.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा भाग अजून कोरा आहे. त्याआधी कोणीतरी नव्याने टेक लाइव्ह बसवलेल्या मशीनवर हे उदाहरण चालवून पाहा. माझ्या मशीनवर इतके फाँट साठलेत की एखादा राहून गेला तर मला कळणार नाही.