वसंत कुंजमागचा पीर

दिल्लीतल्या वसंत कुंजमध्ये रिक्षावाल्याला 'सुलतान गारी' हे कबरीचं नाव सांगितलं, तर तो नुसता बघत राहिला. 'पीरबाबा' म्हटल्याबरोबर म्हणाला, बसा.

कबरीच्या तळघरात निजलेला माणूस खरं तर पीर नव्हे. तो नासिरुद्दीन महमूद, सुलतान इल्तुतमिशचा थोरला मुलगा आणि दिल्लीच्या तख्ताचा वारस. अवधचा सुभा सांभाळत असताना त्याने 1227 मध्ये बंगालच्या राजधानीवर, लखनौतीवर, चाल करून बंगाल बापाच्या अमलाखाली आणला. 1229 मध्ये बगदादच्या खलिफाने इल्तुतमिशला मानाची वस्त्रं पाठवून सुलतान म्हणून मान्यता दिली, आणि त्याच वर्षी लखनौतीहून मुलगा गेल्याची खबर आली. गादी पक्की झाली, पण गादीवर बसणारा राहिला नाही. बापाने 1231 मध्ये ही कबर बांधली. दिल्लीतल्या सुलतानी कबरींमध्ये हीच सगळ्यात जुनी.

लांबून ही कबर वाटतच नाही. करड्या दगडांच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज. आपल्याकडची एखादी गढीच म्हणा ना. पायऱ्या चढून संगमरवरी दारातून आत गेलो तर मोकळं अंगण, मधोमध अष्टकोनी ओटा, आणि कबरीचा पत्ता नाही. हा ओटा म्हणजेच तळघराचं छप्पर. चपला काढून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं. खाली मिट्ट काळोख, उदबत्तीचा धूर, पायाखाली तेलाने चिकट झालेली फरशी. टॉर्च वर धरला तर छताला दगडी तुळया. इथले बरेच दगड जुन्या देवळांचे आहेत, काहींवरचं कोरीवकाम अजून ओळखू येतं.

गुरुवार असल्याने गर्दी होती. हिंदूही येतात, मुसलमानही. नवं लग्न झालेलं एक जोडपं दिवा लावून गेलं. एका आजींनी माझ्या हातावर बत्तासे ठेवले. बाबा कोण होते, विचारलं तर म्हणाल्या, "बाबा हैं, और कौन!" यावर काय बोलणार.

मुलीला, रझियाला, वारस नेमलं म्हणून इल्तुतमिशच्या दूरदृष्टीचं फार कौतुक होतं. मला वाटतं, त्या कौतुकात हे तळघर विसरलं जातं. थोरला जगता तर रझियाचं नाव कशाला निघालं असतं? दरबाराची नजर त्याच्यावरच होती. तो गेल्यावर धाकट्या मुलांपैकी एकही राज्य चालवण्याच्या लायकीचा नाही, हे बापाला कळून चुकलं, आणि ग्वाल्हेरच्या मोहिमेवरून परतल्यावर त्याने मुलीचं नाव लिहायला सांगितलं. दरबारातले अमीर-उमराव कुरकुरले. 1236 मध्ये सुलतान मरताच त्यांनी त्याच्या मुलाला, रुक्नुद्दीन फिरोजला, गादीवर बसवलं. तो चैनीत दंग, कारभार आई शाह तुर्कानच्या हाती. सात महिन्यांच्या आत दिल्लीकरांनी रझियाला गादीवर आणलं. 1240 मध्ये तीही गेली. मग भाऊ बहराम, मग पुतण्या मसूद. 1246 उजाडेपर्यंत दहा वर्षांत गादीवर पाचवा सुलतान.

या पाचव्याचं नावही नासिरुद्दीन महमूद! दरबारी इतिहासकार मिनहाज सांगतो की थोरल्याच्या मृत्यूनंतर हा जन्मला, म्हणून इल्तुतमिशने त्याला गेलेल्या मुलाचंच नाव ठेवलं. हा वीस वर्षं टिकला खरा, पण कारभार बहुतेक काळ सासरा बल्बनच्या हाती. 1266 मध्ये जावई वारला आणि सासराच सुलतान झाला. नावापुरता उरलेला इल्तुतमिशचा वंश तिथे गादीवरून उतरला.

गढीबाहेरच्या मोकळ्या जागेत रुक्नुद्दीन आणि बहराम यांच्या कबरी असल्याचं सांगतात. फिरोजशाह तुघलकाने त्यांची डागडुजी केल्याची नोंद आहे. आता तिथे एक छत्री उभी आहे, भोवती झुडपं. तिच्यापाशी दिवा लावायला कुणी गेलेलं दिसलं नाही.

जाणार असाल तर आधी कुतुबमिनारच्या आवारातली खुद्द इल्तुतमिशची कबर बघा. आतल्या भिंती इंचन् इंच कोरलेल्या आहेत. मग मुलाकडे या. गुरुवार गाठा, मोबाइल चार्ज करून ठेवा, आणि रिक्षा थांबवून धरा. परतीला तिथे मिळता मिळत नाही.