पट्टायाचं वडाप

"पट्टायाला चाललोय" असं तासगावात कुणाला सांगायची सोय नाही. समोरचा आधी हसतो, मग डोळा मारतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाच्या हंगामात औषधांचं टार्गेट पुरं झालं आणि कंपनीची थायलंडची डीलर टूर लागली, एवढंच. बायको म्हणाली, "जावा की. पण फोटो रोजच्या रोज पाठवा." आईला पट्टाया म्हणजे मुंबईच्या पुढं कुठंतरी.

वॉकिंग स्ट्रीटचं, म्हणजे तिथल्या बारच्या गल्लीचं, सगळेच विचारतात, म्हणून आधी तेच उरकतो. गेलो होतो. विसर्जन मिरवणुकीतली दहा मंडळं एका गल्लीत उभी केल्यासारखा दणदणाट. अर्ध्या तासात कान बसले, हॉटेलवर येऊन झोपलो. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

मला आवडलं ते तिथलं वडाप, म्हणजे सीटवर चालणारी शेअर गाडी. निळ्या पिकअपच्या मागं दोन समोरासमोर बाकडी, त्याला सोंगथाव म्हणतात; अर्थच 'दोन रांगा'. बीच रोडवरनं जायचं, सेकंड रोडवरनं परत यायचं, दोन्ही एकेरी रस्ते. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला, ड्रायव्हरला भाव विचारला. त्यानं दोनशे बाट सांगितले. नंतर गाईड म्हणाला, विचारलं की गाडी स्पेशल केली असं धरतात. न बोलता चढायचं, उतरायचं तिथं छतावरचं बटण दाबायचं आणि खाली उतरून दहा बाट द्यायचे. दुसऱ्या दिवसापासनं आम्ही सहा जण मुक्यानं हिंडलो. आपल्याकडं सांगली स्टँडला वडापवाला "एक सीट, एक सीट" करत अर्धा तास बसवून ठेवतो, ते आठवत होतं.

रस्त्यावर एक बाई मातीच्या उखळात कच्ची पपई, मिरच्या, शेंगदाणे कुटत होती. सोम तम. आवाज थेट आमच्या खर्ड्याचा. त्यात वाळकी कोळंबी पडते, हे आमच्या दोघा माळकऱ्यांना दोन घास गेल्यावर कळलं. त्यांनी आणखी दोन खाल्ले.

शेवटच्या दिवशी समुद्राकाठचं ते लाकडी मंदिर बघितलं, सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ. 1981 साली काम सुरू झालं, अजून चालू आहे. आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात, कारण वर कारागीर काम करत असतात. खारा वारा लाकूड खातो, म्हणून एकीकडं नवं कोरायचं आणि दुसरीकडं जुनं बदलायचं. एक म्हातारी मांडी घालून पाकळी कोरत होती. छिन्नीवर हलकेच ठोके, मध्येच फुंकर, की भुसा उडायचा. बाकीचे सेल्फीत होते, मी तिच्यापाशी पंधरा मिनिटं तरी उभा होतो. तिनं एकदाही वर बघितलं नाही. भिंतीवर ब्रह्मदेव, बुद्ध, सगळे एकाच लाकडाच्या रंगाचे. गणपती दिसला आणि आपोआप हात जोडले गेले.

घरी आल्यावर आईला तोच फोटो दाखवला. तासगावची बाई, आमच्या गणपतीची सोंड उजवी. तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "सोंड कुठल्या अंगाला हाय रं?"

मी फोटो मोठा करून बघितला. सोंडेच्या बरोबर पुढं आमच्या विट्याच्या डीलरचं पिवळं हेल्मेट.