मिनेसोटात उन्हाळ्यात लुथरन चर्चला जाणार असाल तर आधी फोन करा, आणि तो पूल चालत ओलांडू नका

मी नगरची, आमची मंडळी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या दक्षिणेला ब्लूमिंग्टनला राहते, यंदा जून-जुलै तिच्याकडे होते. तिच्या भागात लुथरन चर्च (मार्टिन लुथरच्या परंपरेतलं प्रोटेस्टंट चर्च) सगळ्यात जवळ म्हणून तिथेच जायचं ठरवलं.

बाहेरच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात साडेआठ आणि अकरा लिहिलेलं होतं. मी पावणेअकराला पोचले तर उपासना कधीच संपलेली, लोक कॉफीचे कप आवरत होते! मग कळलं की मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, तिथपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत दोनाऐवजी एकच उपासना, साडेनऊला. इथे थंडी इतकी लांबते की उन्हाळ्यात लोक शनिवार-रविवार उत्तरेकडे तळ्याकाठच्या केबिनवर जातात, क्वायरलाही (चर्चच्या गायकवृंदाला) सुट्टी असते, म्हणून वेळ बदलतात. बऱ्याच चर्चमध्ये असंच चालतं. पण बोर्ड कोणी बदलला नव्हता आणि मला रडू यायचं बाकी होतं, कारण मी तिथवर चालत आले होते.

आता त्या चालण्याबद्दल. नकाशावर पन्नास मिनिटं दिसतात. मला चालायची सवय आहे, घरी रोज पाच-सहा किलोमीटर होतात, पण ४९४ हायवेवरचा पूल हा वेगळाच प्रकार आहे. एका बाजूचा फुटपाथ कामासाठी बंद, पलीकडे जायला सिग्नल अर्धा किलोमीटर मागे, खालून सहा-आठ लेनमधून गाड्या वाहताहेत, वर सावलीचं एक झाड नाही आणि ऊन तेहेतीस डिग्री, तेही दमट. पुलाच्या मध्यावर मी दोनदा थांबले, पाणी संपलेलं. परत हे करायचं नाही. येताना टॅक्सी मागवली तर चार किलोमीटरचे एकतीस डॉलर घेतले, रविवारी दुपारी मागणी जास्त म्हणे. शुद्ध लूट. रविवारी बसही कमी असतात, त्यामुळे आदल्या दिवशीच मंडळीतल्या कोणाला तरी न्यायला सांगा, लोक आनंदाने येतात. मला लाज वाटली म्हणून मी विचारलं नाही, ती माझी चूक.

माझं स्पष्ट मत, रविवारपेक्षा बुधवारची संध्याकाळ चांगली. जे शनिवार-रविवार बाहेर जातात त्यांच्यासाठी साडेसहाला हिरवळीवर उपासना असते, नंतर जेवण, नऊपर्यंत उजेड राहतो. घडीची खुर्ची आणि डासांचं औषध न्याच, डास आपल्याकडच्यापेक्षा मोठे वाटले. त्या संध्याकाळी अनोळखी बायकांनी मला मध्ये बसवून घेतलं, गाण्याची चाल ओळखीची निघाली, मी मराठीत गायले आणि मन भरून आलं.

जेवण पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून सॅलड, हॉटडिश की गोड ते ठरवून देतात. हॉटडिश म्हणजे खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याचे तळलेले गोळे घालून भट्टीत भाजलेला पदार्थ, मिठाची सोडली तर चव फारशी नसते. मी काकडीची कोशिंबीर नेली, दाण्याचं कूट घालून, आणि एका मुलाच्या आईने वेळेत विचारलं म्हणून निभावलं, त्याला दाण्याची अ‍ॅलर्जी होती. कूट घालूच नका, आणि भांड्यापुढे काय काय घातलंय त्याची चिठ्ठी ठेवा.

प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस देतात त्याचं, आधी विचारून घ्या. ईएलसीए म्हणजे १९८८ला एकत्र आलेली मोठी लुथरन मंडळी, त्यांच्या चर्चमध्ये मला आपुलकीने बोलावलं. मिझुरी सिनॉड ही दुसरी, जास्त कडक लुथरन मंडळी, तिच्या चर्चमध्ये मात्र प्रभुभोजन साधारणपणे त्यांच्याच मंडळीच्या सभासदांना देतात, तिथे उपासनेआधी पाळकांना भेटा, रांगेत उभं राहून नंतर कळायला नको. ग्लुटेन नसलेली भाकर आणि द्राक्षरस बहुतेक ठिकाणी असतो, मागावा लागतो.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर जाणार असाल तर वेळ परत बदलते, तेव्हा पुन्हा फोन करा.