२५५व्या बाइटवर तुटलेला पत्ता

सोमवारी सकाळी सपोर्टकडून एक स्क्रीनशॉट आला. वाचकाने बातमीच्या लिंकवर टॅप केलं, तर 'पान सापडलं नाही' आलं. खाली मागितलेला पत्ता छापला होता. त्यातला मराठी मथळा मध्येच तुटलेला, आणि त्याला चिकटून दुसऱ्याच कुणाची तरी सेशन कुकी, म्हणजे लॉगिनची गुप्त ओळख. माझ्या पोटात गोळा आला.

आधी सगळी सेशन्स रद्द करायला लावली. मग कोड उघडला.

प्रॉक्सी म्हणजे वाचकाची मागणी मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा आमचा प्रोग्राम. त्याचा तो भाग जुना, सी भाषेतला. पत्त्यासाठी २५६ बाइटचा बफर, म्हणजे मेमरीतली ठरावीक जागा. पत्ता लांब असला की २५५ बाइटवर कापायचा आणि शेवटी शून्य बाइट ठेवायचा, म्हणजे मजकूर इथे संपला अशी खूण. इंग्रजी मथळे त्यात मावत होते. देवनागरीचं गणित वेगळं आहे. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स अंक (० ते ९ आणि A ते F) असा लिहितात. चार अक्षरचिन्हांचे झाले ३६ बाइट! अशी ३० चिन्हं असलेला साधा मथळा २७०वर जातो.

फळ्यावर बफरचे शेवटचे चौकोन काढले. घरं शून्यापासून मोजतात, म्हणून शेवटचं घर २५५वं. २५३व्या घरात '%', २५४व्यात 'E', २५५व्यात शून्य. डीकोडरला, म्हणजे या चिन्हांचे पुन्हा मूळ बाइट करणाऱ्या कोडला, '%' दिसलं की तो पुढचे दोन बाइट न तपासता उचलायचा आणि तीन घरं पुढे उडी मारायचा. इथे त्याने थांबण्याची खूण असलेलं शून्यच हेक्स अंक समजून गिळलं आणि तो थेट २५६व्या घरात गेला. ते घर आमचं नव्हतंच. तिथे आधीच्या रिक्वेस्टचे हेडर, म्हणजे कुकीसकट तिच्यासोबत आलेली माहिती, पडून होते.

टीममधला एक जण म्हणाला, "मॅडम, तुटलं असेल तिथे '0' हा अंक जोडून देऊ ना, चालून जाईल." मी ठाम नाही म्हटलं. आपण अंदाजाने दुरुस्त केलेला पत्ता मागचा सर्व्हर वेगळा वाचणार, आणि अशा दोन वाचनांमधल्या फटीतूनच हल्ले होतात. डीकोडिंग दोनदा करू नये हे आरएफसी ३९८६ने, म्हणजे वेब पत्त्यांच्या प्रमाण नियमांनी, २००५ सालीच बजावलंय, तेही याच जातीच्या घोळामुळे. पत्ता बिघडलेला असेल तर ४०० (चुकीची मागणी), मर्यादेबाहेर लांब असेल तर ४१४ (पत्ता फार लांब) हा एरर कोड परत द्यायचा. कापाकापी बंद.

मर्यादा ८,००० बाइटवर नेली. नंतर तोच पत्ता शेवटून एकेक बाइट कमी करत डीकोडरला दिला, दर वेळी नेमक्या तेवढ्याच लांबीच्या वेगळ्या मेमरीत, म्हणजे एक घर जरी पलीकडे वाचलं तरी सॅनिटायझर, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारं टूल, ओरडेल. जुना कोड पहिल्या दोन फेऱ्यांतच पडला. नवा शेवटच्या बाइटपर्यंत टिकला.

रात्री साडेनऊला ती लिंक मी माझ्या फोनवर उघडली. मथळा पूर्ण आला, शेवटच्या काना-मात्रेसकट.