झरा कुणाच्या गटात?

मागच्या एप्रिलात भोर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत आम्ही झऱ्यांच्या नोंदी करायला गेलो होतो. एप्रिलच का, तर चैत्रातही ज्याला पाणी आहे तोच झरा खरा. श्रावणात काय, सह्याद्रीत दगडालाही पाझर फुटतो. हातात साधा अँड्रॉइड फोन, त्यात क्यूफील्ड, म्हणजे जागेवर उभं राहून नकाशावर नोंदी भरायचं ॲप. त्याचा प्रकल्प घरीच लॅपटॉपवर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला होता आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले होते, कारण वाडीत रेंज येते ती फक्त देवळाच्या पारावर.

फॉर्म मी चांगला शहाणा केला होता (असं मला वाटत होतं). उन्हात उभं राहून वीस रकाने कोण भरणार? म्हणून तारीख, वेळ आणि जीपीएसची अचूकता फोनच टिपणार. विहीर निवडली तर खोली विचारणार, झरा निवडला तर बादली भरायला लागलेले सेकंद. आणि आपण जिथे उभे आहोत तिथला गट नंबर गावनकाशाच्या थरातून (ॲपमध्ये नकाशे थरांसारखे एकावर एक असतात) आपोआप उचलणार.

पहिल्याच झऱ्यावर माशी शिंकली. फोनने एक गट नंबर लावला, दोन पावलं सरकले तर दुसरा. सोबतच्या मावशी हसायला लागल्या. "आवो ताई, ह्यो वढाच बांध हाय. अलीकडं आमचं, पल्याड भावकीचं. पानी दोघांचं."

खरंच की! ओढा हीच गटाची हद्द आणि झरा नेमका ओढ्यात. उंबराच्या सावलीत फोनची चूक आठ-दहा मीटर, वर मी स्कॅन करून बसवलेला जुना नकाशाही जागोजागी सरकलेला. पाण्याची मालकी वाडीत नाजूक विषय. तिथे फोनने परस्पर एकाचा गट लावून टाकणं म्हणजे भांडण लावून देणंच.

रात्री शाळेच्या ओसरीवर बसून सूत्र बदललं. 'ज्यात उभी आहे तो गट' काढून 'माझ्यापासून १० च्या आतले गट, जास्तीत जास्त तीन' असं केलं. सकाळी पाहते तर मोठ्या माळाच्या मधोमधही तीन गट! बऱ्याच वेळाने उमगलं की थर अक्षांश-रेखांशात होते, त्यामुळे माझे १० म्हणजे मीटर नव्हेत, अंश. तेवढ्यात अख्खा महाराष्ट्र मावतो. झऱ्यांचा आणि गटांचा असे दोन्ही थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर विभागात (सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३) नेले, तेव्हा कुठे मोजमाप मीटरवर आलं. (नागपूरकरांनी ४४ घ्यावा.)

दुसरी चूक शुद्ध निष्काळजीपणाची. आपोआप भरणाऱ्या रकान्यांवर 'बदल करतानाही लागू' अशी खूण राहिली होती. संध्याकाळी झऱ्यांच्या नावांचं शुद्धलेखन सुधारायला बसले आणि अकरा नोंदींची वेळ रात्रीचे नऊ झाली, अचूकताही ओसरीवरची. फोटोंमध्ये मूळ वेळ शाबूत होती म्हणून निभावलं.

पुण्यात परतल्यावर उंच्या तपासल्या. फोनची उंची टोपोशीटपेक्षा, म्हणजे उंचीच्या रेषा असलेल्या सरकारी नकाशापेक्षा, साठहून जास्त मीटर कमी! ही चूक मात्र माझी नव्हती. आम्ही नोंदवलेली उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची होती, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि आपल्या भागात दोन्हींत तेवढं अंतर पडतं. दुरुस्ती केल्यावर सात झरे जवळजवळ एकाच पातळीवर आले. सच्छिद्र कातळातून झिरपत आलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं आणि आडवं सरकत डोंगरउतारावर बाहेर पडतं, त्याचीच ती रेघ.

आता फॉर्ममध्ये गटाच्या रकान्यानंतर 'पाणी कोण भरतं?' असा एक रकाना आहे. तो फोन भरत नाही, विचारून लिहायचा. पहिल्या झऱ्यापुढे लिहिलंय: ओढ्याच्या दोन्ही बाजूंची घरं, आणि मे महिन्यात खालच्या वाडीच्या शेळ्या.